वाचकांचे प्रश्न : भाकरीच्या बदल्यात काय मागितलं?

मागच्या अंकात केडगावच्या मुक्ती मिशनवर एक छोटा लेख आला होता, पंडिता रमाबाईंनी दुष्काळातल्या मुली तिथे कशा आणून ठेवल्या त्यावर. लेख दोन पानांचाच पण पत्रं इतकी आली की नेहमीचे प्रश्न (कर्ज, सासू, केस गळणे) यावेळी बाजूला ठेवलेत. एकाने मला मिशनऱ्यांची वकील म्हटलंय आणि त्याच आठवड्यात दुसऱ्या एका बाईंनी लिहिलंय की तुमच्या मनात ख्रिस्ती लोकांबद्दल अढी आहे. दोघांनाही नमस्कार. काही पत्रं बरीच लांब होती, ती कापून घेतली आहेत.

प्रश्न : ताई, लेख चांगला होता पण मुद्द्याचं तुम्ही टाळलंत. पोटात अन्न नाही अशा माणसाला भाकरी दाखवायची आणि धर्म बदलून घ्यायचा याला मदत म्हणतात का? तो माणूस कशालाही हो म्हणेल. आजही आफ्रिकेत हेच चाललंय. — एक वाचक, नाशिक

उत्तर : टाळलं नव्हतं हो, दोन पानात बसलं नाही. आता बसवते.

तुमचा राग मला कळतो आणि तो निराधार पण नाही, दुष्काळाच्या वर्षांत चर्चच्या वहीतली नावं वाढलेली दिसतात हे कुणी नाकारत नाही. पण ओंगोलचं प्रकरण ऐका. ओंगोल आत्ताच्या आंध्रात, तेव्हा मद्रास इलाख्यात होतं. तिथे जॉन क्लाऊ नावाचा अमेरिकन बॅप्टिस्ट मिशनरी होता, तरुणपणी जमीन मोजणीचं काम केलेला माणूस. १८७६ ते ७८ चा मोठा दुष्काळ पडला तेव्हा त्याने सरकारकडून बकिंगहॅम कालव्याच्या तीन-साडेतीन मैल तुकड्याचं खोदाईचं कंत्राटच घेतलं, म्हणजे फुकट वाटप नाही तर काम द्यायचं आणि मजुरी द्यायची. आणि या सगळ्या काळात त्याने बाप्तिस्मे बंद ठेवले. लोक मागत होते तरी दिले नाहीत, कारण तुम्ही जे आज लिहिलंय ना तेच लोक बोलणार हे त्याला तेव्हाच दिसत होतं. मदतीचं काम संपल्यावर मग दार उघडलं आणि ३ जुलै १८७८ ला, एका दिवसात, गुंडलकम्मा नदीवर २,२२२ लोकांचा बाप्तिस्मा झाला!

आता याचा अर्थ काय लावायचा? मिशनवाले म्हणतात बघा, भाकरी बंद झाल्यावर आले म्हणजे श्रद्धेनेच आले. मी इतकी भोळी नाही. कालव्यावर मजुरांच्या टोळ्यांवर जे मुकादम नेमले होते ते क्लाऊचेच प्रचारक होते, दिवसभर हजेरी घ्यायचे आणि संध्याकाळी त्याच लोकांत बसून येशूच्या गोष्टी सांगायचे. बाप्तिस्मा बंद होता, गोष्टी बंद नव्हत्या. ज्याच्या हातात तुमची हजेरी आहे त्याच्या गोष्टी तुम्ही जरा जास्तच लक्ष देऊन ऐकता, यात दुष्काळ असायलाच हवा असंही नाही, कुठल्याही ऑफिसात बघा.

पण दुसरी बाजू पण आहे आणि ती तुमच्या पत्रात अजिबात आलेली नाही. आलेले बहुतेक लोक मादिगा होते, चामड्याचं काम करणारे, गावाबाहेर राहणारे. त्यांच्यातला येर्रगुंटला पेरय्या नावाचा माणूस १८६६ मध्येच ख्रिस्ती झाला होता, दुष्काळाच्या दहा वर्षं आधी, आणि गावोगाव फिरून स्वतःच्या लोकांना तोच सांगत होता. दुष्काळ यायच्या आत तिथे काही हजार लोक आलेले होते. म्हणजे भूक हे एकच कारण नव्हतं, गावाने वर्षानुवर्षं दिलेली वागणूक हेही होतंच, आणि त्या वागणुकीबद्दल पत्र लिहायला तेव्हा नाशिकहून कुणी बसलेलं नव्हतं. टोमणा मारायचा नाही मला, पण राहवलं नाही.

आणि तो माणूस कशालाही हो म्हणेल असं जे तुम्ही लिहिलंत त्याच्याशी तर माझं सरळ भांडण आहे. त्याच दुष्काळात सरकारने दुष्काळी कामं बघायला नेमलेले इंग्रज अधिकारी सर रिचर्ड टेंपल यांनी सरकारी दुष्काळी कामांवरची मजुरी कापून पुरुषामागे रोज एक रतल (अर्ध्या किलोहूनही थोडं कमी) धान्य आणि एक आणा एवढ्यावर आणली, आणि आपल्या मुंबई इलाख्यात १८७७ च्या सुरुवातीला हजारो उपाशी लोकांनी ती घ्यायला नकार दिला, कामं सोडून सरळ चालते झाले, पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू लावून धरली. उपाशी होते, तरी नाही म्हणाले. भुकेल्या माणसाला अक्कल नसते असं धरून चाललं की मग मिशनरी त्याला बाटवतो आणि आपण त्याला वाचवतो, त्याला स्वतःला कुणी विचारतच नाही.

रमाबाईंबद्दल मात्र तुमचा मुद्दा मी अर्धा मान्य करते. स्वतः रमाबाईंचे आईवडील १८७४ च्या सुमारास दक्षिणेत उपासमारीतच गेले होते, मग बहीण गेली, त्यामुळे १८९६-९७ ला मध्य प्रांतात दुष्काळ पडल्याचं कळल्यावर त्या स्वतः तिकडे गेल्या आणि मुली गोळा करून आणल्या, आणि १९०० साली गुजरातच्या दुष्काळात परत. मुक्तीत हजारोंनी बायका-मुली झाल्या, शेती, विणकाम, तेलाचा घाणा, छापखाना, खिळे जुळवणाऱ्या पण बायकाच, रमाबाईंनी स्वतः केलेलं मराठी बायबल तिथेच छापलं गेलं. हे सगळं खरं. पण दहा वर्षांची मुलगी, मागे कुणी उरलेलं नाही, जेवण इथे, अंथरूण इथे, शाळा इथे आणि रोजची प्रार्थना पण इथेच, तर तिने निवडलं असं म्हणताना माझी जीभ अडखळते. तिथे जोर-जबरदस्ती झाली असं मी म्हणत नाही, दुसरा दरवाजाच नव्हता एवढंच म्हणते. दुसरा दरवाजा कुणी उघडायचा होता हा प्रश्न परत आपल्याकडेच येतो. जोतीराव फुले आणि सत्यशोधकांनी १८७७ मध्ये धनकवडीला दुष्काळी मुलांसाठी बालाश्रम काढला होता. असे अजून किती निघाले?

आजच्या आफ्रिकेबद्दल : १९९४ मध्ये रेडक्रॉस आणि मोठ्या मदत संस्थांनी मिळून एक आचारसंहिता केली, तिच्यात स्पष्ट लिहिलंय की मदत कुठल्याही राजकीय किंवा धार्मिक मताचा प्रसार करायला वापरायची नाही. ती करणाऱ्यांत कॅरितास होती, लुथरन वर्ल्ड फेडरेशन होती, वर्ल्ड कौन्सिल ऑफ चर्चेस होती, म्हणजे चर्चवाल्यांनीच स्वतःवर घालून घेतलेलं बंधन. सगळेच ते पाळतात का, नाही. छोटे-छोटे ग्रुप, स्वतःच्या खर्चाने आलेले, त्यांनी ही संहिता कधी बघितलेली पण नसते. त्यामुळे कुणाला पैसे देण्याआधी विचारा की तुम्ही ही मानता का, आणि उत्तर देताना समोरचा चाचरतोय का ते बघा.

प्रश्न : माझे वडील बियाफ्राच्या वेळची गोष्ट सांगायचे, रेडिओवर ऐकलेली, की चर्चची विमानं रात्री अंधारात धान्य घेऊन उतरायची. हल्ली नेटवर वाचलं की त्याच विमानांमुळे युद्ध लांबलं आणि उलट जास्त लोक मेले. खरं काय? — इंजिनिअर, पुणे

उत्तर : दोन्ही. वैताग येईल असं उत्तर आहे पण ऐकून घ्या.

१९६७ मध्ये नायजेरियाचा पूर्व भाग बियाफ्रा म्हणून फुटून निघाला, सरकारने नाकेबंदी केली, आणि आत पोरं प्रथिनांशिवाय मरायला लागली, पोट फुगलेली, केस तांबूस झालेले, तो आजार क्वाशिओरकोर. आत आयरिश कॅथलिक पाद्री आधीपासूनच होते, शाळा चालवत होते, त्यांनीच बाहेर कळवलं आणि त्यांच्याच शाळा पोरांना खाऊ घालायच्या जागा झाल्या. मग कॅथलिक आणि प्रोटेस्टंट (एरवी एकमेकांच्या चर्चची पायरी न चढणारे) एकत्र आले आणि जॉइंट चर्च एड (जेसीए) उभं राहिलं, अमेरिकेतल्या ज्यू संघटना पण त्यात होत्या. साओ टोमे बेटावरून विमान उडायचं आणि उली नावाच्या ठिकाणी उतरायचं. उली म्हणजे विमानतळ नाही हो, रुंद केलेला एक डांबरी रस्ता. रात्रीच, कारण दिवसा नायजेरियाची विमानं बॉम्ब टाकायची. धावपट्टीचे दिवे विमान अगदी टेकायच्या वेळी काही क्षण लागायचे आणि लगेच बंद, मग अंधारातच पोती उतरवायची, मीठ, दूध पावडर, नॉर्वेचा सुकवलेला मासा, आणि उजाडायच्या आत परत. अशा पाच हजारांवर फेऱ्या झाल्या, साठ हजार टनांच्या आसपास माल गेला, आणि त्यात पंचवीस वैमानिक आणि कर्मचारी मेले. लोक त्याला गमतीने जीझस क्राइस्ट एअरलाइन्स म्हणायचे, अक्षरं जुळत होती ना.

आता तुमच्या नेटवरच्या मुद्द्याचं. त्याच पट्टीवर त्याच रात्री शस्त्रांची विमानं पण उतरत होती. दिवसाच्या फेऱ्यांचा प्रस्ताव आला तेव्हा बियाफ्राच्या नेत्यांनाही तो नको होता, कारण मदतीच्या विमानांच्या आडून शस्त्रं येत होती, तो आडोसा गेला असता. शिवाय मदतीमुळे बाहेरचं चलन आत गेलं आणि ते सरकार टिकलं. हे आक्षेप कुणी उगाच उचलून आणलेले नाहीत, मदतीच्या कामात आयुष्य घालवलेली माणसंच हे बोलतात. पण समोर मरत असलेल्या पोराला दूध द्यायचं की युद्ध लवकर संपावं म्हणून द्यायचं नाही, असा हिशेब पाद्र्याने करावा असं तुम्हाला वाटत असेल तर मला नाही वाटत. तो हिशेब लंडन, लागोस, पॅरिसमध्ये बसलेल्यांनी करायचा होता, त्यांनी केला नाही आणि नंतर बोट मात्र चर्चकडे दाखवलं.

एक गोष्ट मात्र चर्चवाल्यांना टोचली पाहिजे. जानेवारी १९७० ला युद्ध संपलं आणि नायजेरियाने बरेच परदेशी पाद्री पकडून देशाबाहेर काढले. एका बाजूने इतकं उभं राहिल्यावर दुसऱ्या बाजूला तुम्ही निव्वळ मदत करणारे दिसत नाहीच.

प्रश्न : मी वसईची, स्टाफ नर्स आहे, आठ वर्षं आयसीयू. आमच्या पॅरिशमधून एक ग्रुप तीन आठवड्यांसाठी कॉंगोला चाललाय, फादर म्हणतात तू ये, तुझ्यासारखी नर्स तिथे देवासारखी. घरचे घाबरलेत इबोलाला. जाऊ का? — एक वाचक, वसई

उत्तर : सिस्टर, आधी देवासारखी हे डोक्यातून काढा, मग बोलू.

कॉंगो म्हणताय म्हणून सांगते. तेव्हाचं झाईर, यांबुकू गाव, १९७६. बेल्जियमहून आलेल्या नन्सनी चालवलेलं मिशन हॉस्पिटल, १२० खाटा, त्या भागात दुसरं काही नाही, लांबून लांबून लोक यायचे. रोज सकाळी नर्सना पाच सिरिंज आणि सुया मिळायच्या. पाच! आणि ओपीडीला रोज शेकड्यांनी माणसं. एक टोचून झाली की भांड्यातल्या कोमट पाण्यात खळबळायची आणि पुढच्याला. गरोदर बायकांना ताकद यावी म्हणून व्हिटॅमिनची इंजेक्शनं, तीही तशीच. इबोला त्या सुईतून पसरला. ३१८ जणांना लागण, २८० मृत्यू, हॉस्पिटलच्या १७ कर्मचाऱ्यांपैकी ११ गेले, नन्स पण गेल्या, आणि हॉस्पिटलला कुलूप लागलं. त्या नन्स वाईट होत्या का, मुळीच नाही, बहुतेक जणी वर्षानुवर्षं तिथेच राहिलेल्या. पण माया आहे म्हणून स्टेरिलायझर नसला तरी चालेल असं होत नाही, हे तुम्हाला आयसीयूवालीला मी काय सांगणार.

आता तीन आठवडे. पहिला आठवडा तुम्हाला वॉर्ड, औषधांची फ्रेंच नावं आणि पोट सांभाळण्यात जाणार, तिसऱ्यात बॅग भरायची. मधल्या आठवड्यात तिथल्या नर्सला तुमची दुभाषी व्हावं लागणार, म्हणजे पेशंटपासून एक नर्स कमी. खरंच जायचं असेल तर निदान सहा महिने-वर्ष काढा, फ्रेंच थोडं शिका, आणि काम पेशंट बघण्याचं नको, तिथल्या नर्सना आयसीयू शिकवण्याचं मागा, ते मागे राहतं. रजिस्ट्रेशन तिथे चालतं का ते लेखी घ्या. यलो फीवरची लस निघायच्या किमान दहा दिवस आधी सरकारी केंद्रातच घ्यायची, पिवळं कार्ड नसेल तर विमानतळावर अडकाल.

आणि तिथे कुणी नाहीये अशा समजुतीने जाऊ नका. पूर्व कॉंगोतल्या बुकावूचं पांझी हॉस्पिटल पेंटेकोस्टल चर्चचं, १९९९ मध्ये डॉ. डेनिस मुकवेगे यांनी उभं केलं, ते तिथलेच, वडील पास्टर. त्याआधी ते ज्या लेमेराच्या मिशन हॉस्पिटलात होते तिथे १९९६ मध्ये हल्ला होऊन पेशंट खाटेवरच मारले गेले होते. युद्धात बलात्कार झालेल्या हजारो बायकांवर त्यांनी शस्त्रक्रिया केल्या, २०१८ चं शांततेचं नोबेल मिळालं. तिथल्या नर्स तुम्हालाच चार गोष्टी शिकवतील.

घरच्यांच्या भीतीचं म्हणाल तर ती चुकीची नाही. २०१४ ला लायबेरियात मोन्रोव्हियाच्या एल्वा मिशन हॉस्पिटलात डॉ. केंट ब्रँटली या अमेरिकन डॉक्टरला इबोला झाला, त्यांना खास विमानाने अटलांटाला नेलं आणि ते वाचले, जगभर बातमी. त्याच वॉर्डात काम करणाऱ्या लायबेरियन लोकांसाठी विमान येणार नव्हतं. तुमच्यासाठी येणार का, हे फादरना स्पष्ट विचारा. इन्शुरन्सचा कागद हातात मिळेपर्यंत तिकीट काढू नका.

प्रश्न : आमच्या भिशी ग्रुपने जुने कपडे गोळा केलेत, अकरा गोण्या झाल्यात, आफ्रिकेत पाठवणारी एखादी मिशन संस्था सांगा. — सोलापूर

उत्तर : नका पाठवू. जहाजाचं भाडंच कपड्यांच्या किमतीवर जाईल, आणि तिकडच्या बाजारात युरोप-अमेरिकेच्या जुन्या कपड्यांचे ढीग आधीच इतके आहेत की तिथल्या शिंप्यांचा धंदा बसलाय. त्सुनामीनंतर नागपट्टणमला रस्त्याकडेला पडून राहिलेले जुने कपडे आठवतात का, कुणीच घालेनात, मच्छीमार बायकांनी आपल्या फाटक्या साड्या का घालाव्यात हो? चांगले असतील ते सोलापुरातच कुणाला विचारून द्या, बाकीच्यांची पायपुसणी करा आणि भिशीचा एक हप्ता रोख पाठवा.

प्रश्न : आम्ही दोघं ह्यूस्टनला असतो. ऑफिसातल्या एका मैत्रिणीच्या चर्चमार्फत हैतीमधल्या अनाथाश्रमातल्या एका मुलाला दर महिन्याला पैसे देतो, फोटो येतो, पत्र येतं. आम्ही ख्रिस्ती नाही पण त्याने काही बिघडत नाही असं वाटलं. आता सासूबाई म्हणतात की हे सगळं फसवं असतं. — ह्यूस्टन

उत्तर : सासूबाई नेहमी चुकतात असा या सदराचा नियम नाही.

हैतीत अनाथाश्रमातल्या पाचातल्या साधारण चार मुलांचे आई किंवा वडील, निदान एकजण तरी, जिवंत असतात असं तिथे काम करणाऱ्या संस्थाच सांगतात. मग ते पोर तिथे का, तर घरी खायला नाही आणि शाळेची फी भरता येत नाही म्हणून. आई पोराला आश्रमात सोडते कारण पैसा आश्रमाकडे येतो, तिच्याकडे येत नाही. तुमचा महिन्याचा चेक त्या पोराला वाढवतोय आणि त्याच वेळी आईपासून लांब पण ठेवतोय, आणि जितके चेक जास्त तितके आश्रम जास्त.

१२ जानेवारी २०१० ला भूकंप झाला त्यानंतर काय झालं बघा. तीन आठवडे पण झाले नव्हते आणि अमेरिकेतून, मुख्यतः आयडाहोहून, आलेला दहा बॅप्टिस्ट लोकांचा ग्रुप ३३ मुलं बसमध्ये घालून डॉमिनिकन रिपब्लिकच्या सीमेवर पकडला गेला, कागदपत्रं नाहीत. त्यांचं म्हणणं अनाथ मुलांना वाचवतोय. नंतर कळलं की मुलांचे आईबाप होते, कितीतरी जणांनी स्वतःच पोरं हातात दिली होती, शिक्षण मिळेल म्हणून. मला त्या दहा जणांचा राग येतो तो लबाडीसाठी नाही, लबाड ते नसतीलही. त्या आईला शंभर डॉलर देऊन पोर घरीच राहू द्यावं हे दहा जणांत एकाच्याही डोक्यात आलं नाही म्हणून येतो.

लगेच पैसे बंद करू नका, पोराचं जेवण तुमच्यावर आहे. पण चर्चला लिहा : या मुलाचे आईवडील कोण आहेत, तो त्यांना शेवटचा कधी भेटला, आणि तो घरी परत गेला तर आम्ही हेच पैसे त्याच्या घरी, फीसाठी, देऊ शकतो का. काही मिशन संस्था आता असंच करायला लागल्यात, आश्रम कमी करून कुटुंबांना मदत. मैत्रिणीच्या चर्चकडून नीट उत्तर आलं तर चालू ठेवा. नुसता अजून एक हसरा फोटो आला तर सहा महिन्यांची मुदत द्या आणि दुसरीकडे वळवा.

प्रश्न : आमच्या तालुक्यात मिशनची बालवाडी होती, परदेशातून पैसा यायचा तो थांबला आणि बंद पडली. आम्ही हिंदू, पण पोरं तिथेच शिकली. परत सुरू होईल का? — एक पालक, अहिल्यानगर जिल्हा

उत्तर : परदेशी पैशाच्या भरवशावर राहू नका. परदेशी देणग्यांवरचा २०१० चा एफसीआरए कायदा २०२० मध्ये अजून कडक झाला, पैसा आधी दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यायला हवा, एका संस्थेने तो दुसऱ्या छोट्या संस्थेला द्यायचा नाही, आणि ऑफिस खर्चाला वीस टक्क्यांची मर्यादा. गावातल्या बालवाड्या बऱ्याचदा अशा मोठ्या संस्थेकडून आलेल्या पैशावरच चालायच्या. त्याआधीच २०१७ मध्ये कम्पॅशन इंटरनॅशनल या अमेरिकन ख्रिस्ती संस्थेने भारतातलं काम बंद केलं तेव्हा लाखाच्या वर मुलांची मदत थांबली होती. सरकारचं म्हणणं पैसा धर्मांतराला जातो, संस्थांचं म्हणणं नाही, तो वाद इथे मिटणार नाही.

पण तुमची बालवाडी किती पोरांची होती, वीस, तीस? बाई तिथेच राहतात का अजून? असतील तर पालकांनी बसून महिन्याची फी ठरवा आणि खोली चर्चकडे मागा, रिकामीच पडली असेल. पंचायतीत पण विचारा, अंगणवाडीची मंजुरी बाकी असेल तर तीच आधी मिळवा. भाडं, हजेरी आणि किल्ली कुणाकडे राहणार ते मात्र पहिल्याच दिवशी कागदावर घ्या.